उजवीकडचं काळीज

आमच्या घरात काळीज म्हणजे बकऱ्याचं काळीज. निमोण्यात अब्बांचं मटणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मामा, अर्धा किलो द्या, आन् त्यात काळीज टाका थोडं." अब्बा उजव्या बरगड्यांखाली हात घालायचे आणि काळपट तांबडं, वाफ निघणारं काळीज बाहेर ओढायचे. डॉक्टरी भाषेत ज्याला लिव्हर म्हणतात ते. धडधडतं ते दिल, आणि ते डावीकडं. बोलायला लागल्यापासून मला एवढं पाठ होतं.

चौथीत बाईंनी फळ्यावर लिहिलं, काळीज म्हणजे हृदय. मी उठले आणि म्हणाले, "बाई, चुकलं. काळीज उजवीकडं असतं. हृदय न्हाई ते." वर्ग हसला. बाईंनी पट्टी आडवी धरून माझ्या बोटांच्या पेरांवर चार दिल्या. पेरं सुजली, पण मी शब्द मागं घेतला नाही. मुलाण्याच्या पोरीला काळीज शिकवायला निघाल्या होत्या. आजही मला वाटतं की त्या दिवशी मी बरोबर होते. पुढं त्याच बरोबर असण्यापायी माझ्या टेबलावर एक माणूस मेला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अब्बांचा राग नाकावर असायचा. एकदा एक जण दुकानात येऊन म्हणाला, "मामा, मेलेलं जनावर इकता म्हणं." अब्बांनी हातातला सत्तूर असा हाणला की तो त्या माणसाच्या बोटांपासून दोन इंचांवर ओंडक्यात रुतला. माणूस पांढराफटक पडला. अब्बा शांतपणे म्हणाले, "आता बोल." माझ्यात नाक-डोळे अम्मीचे आलेत आणि बाकी सगळं अब्बांचं.

पण सुरी हातात घेतली की तोच माणूस सावकाश व्हायचा. पोट फाडल्यावर आधी डावा हात मनगटापर्यंत आत घालायचा, सगळं चाचपायचा आणि मगच कापायचा. "सुरीला डोळं नसत्यात," म्हणायचे. "आधी हात, मग सुरी." कारण आतलं कधीच एकसारखं नसतं. एखाद्या बकऱ्यात दोन तिल्ल्या, म्हणजे प्लीहा, निघायच्या. एखाद्याचा एकच गुर्दा, तोही भलत्या जागी. नेहमीसारखं असेल म्हणून डोळे झाकून कापलं की पित्त फुटतं आणि सगळं मटण कडू होतं. मी शाळेतून आले की दुकानाच्या ओट्यावर बसायची. अब्बा मला हाक मारून दाखवायचे, "हे बघ, उफराटं निघालं. पाची बोटं सारखी नसत्यात, तर आतलं कसं सारखं आसंल?"

पुढं मी डॉक्टर झाले. मेडिकलला पहिल्या वर्षी मढ्यासमोर उभं केलं तेव्हा वर्गातल्या दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मला घर आठवलं. सर पुस्तक उघडून सांगत होते की ही धमनी इथून निघते आणि तिथं जाते. मी हात घातला तर आमच्या मढ्यात ती तिथून जातच नव्हती. कोपराजवळ खोल असायला हवी ती अगदी कातडीखालून चालली होती. सर म्हणाले, "हे व्हेरिएशन आहे, परीक्षेला येत नाही, सोडून दे." मी कसली सोडतेय. परीक्षेला येत नाही, पण माणसात येतं ना? अशी धमनी शीर समजून कोणीतरी तिच्यात इंजेक्शन ठोकतं. तशा एका बाईची तीन बोटं कोळशासारखी काळी पडून गळालेली मी नंतर पाहिली. तिचा गुन्हा एवढाच की तिचा हात पुस्तकाप्रमाणं नव्हता.

नोकरी लागली ती दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर हायवेलगतच्या एका दवाखान्यात. नाव लिहीत नाही. हायवे असला की पोस्टमार्टमला तोटा नसतो. यवतच्या पुढं कंटेनरखाली गेलेले, विहिरीतून काढलेले, बांधावरून एकमेकांना कोयत्यानं तोडलेले सगळे आमच्याकडंच यायचे. माणूस माणसाला काय करू शकतो ते मी रोज सकाळी दहा वाजता बघत होते. कवटी फुटून मेंदू केसांत वाळलेला असायचा. एकदा नवऱ्यानं मुसळानं ठेचलेली बाई आली, तिचा जबडा मला पिशवीतून वेगळा द्यावा लागला. हे सगळं पोलिसांच्या कागदावर जायचं. त्याशिवाय माझी एक स्वतःची वही होती. तिच्यात नाव-गाव काही नाही, फक्त आत काय वेगळं निघालं ते. मूत्रपिंडाला तीन धमन्या. पित्ताची नळी भलत्याच वाटेनं. दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन मी पुण्याच्या एका कॉलेजात अ‍ॅनाटॉमीवाल्यांकडं जायची. आम्ही त्यावर लिहायचो, छापून आणायचो, सभेत जाऊन वाचायचो. शेवटच्या परिच्छेदात नेहमी एक वाक्य मी घालायची, की पेशंटच्या शरीराबद्दल पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना आधी विचारा. टाळ्या पडायच्या. माझ्याबरोबरचा दुसरा डॉक्टर मला 'वहीवाली बाई' म्हणायचा, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यातली दुपार होती. भांडगावच्या बाजूनं एक पिकअप आली आणि दवाखान्याच्या दारातच थांबली. मागं झेंडूच्या क्रेटांमध्ये सव्वीस वर्षांचा एक गडी बसला होता, शर्टाची बटणं तुटलेली. त्याची आई त्याच्या छातीवर पदराचा बोळा दाबून बसली होती. चुलतभावाशी पाण्याच्या पाळीवरून जुंपली होती. लाईट आली, मोटर आधी कोणी चालू करायची, एवढीच गोष्ट. चुलतभाऊ स्टार्टरचा डबा उघडून बसलेला, हातात लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर. तो त्यानं मुठीपर्यंत खुपसला आणि उपसून घेतला.

गडी स्वतःच्या पायांनी आत आला. बोलत होता. "दम लागतोय मॅडम," म्हणाला, आणि टेबलावर बसला. मी बोळा काढला. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या अंगाला बोराच्या बीएवढं भोक होतं. रक्त फार नव्हतं. चेहऱ्यावर मात्र घाम डबडबला होता आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. बीपी पार खाली.

त्याची आई माझ्या कोपराशी आली. ठेंगणी, हाताला झेंडूचा हिरवा डाग. ती ओरडली नाही, रडली नाही. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं तिनं सांगितलं, "मॅडम, आधी माझं ऐका. ह्याचं काळीज उजवीकडं हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर माणूस निळा पडतोय आणि ही मला शरीर शिकवतेय. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "मावशी, सगळ्यांचंच काळीज उजवीकडं असतं. बकऱ्याचंसुद्धा. बाहेर व्हा, मला काम करू द्या."

"समद्यांचं?" ती म्हणाली.

"हो, सगळ्यांचं."

डॉक्टरच म्हणतेय म्हटल्यावर ती काय बोलणार? सिस्टरनं तिला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि दार लावलं. जाताना तिनं एकदा वळून पाहिलं, ते माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात आलं होतं. मला वाटलं, भोक उजवीकडं आहे म्हणून हिला लिव्हरची भीती वाटते. जखम छातीवर, लिव्हर त्याच्या कितीतरी खाली. बाई घाबरली आहे, असं मी मनात म्हणाले.

तिनं हेच इंग्रजीत सांगितलं असतं तर मी ताडकन थांबले असते. हृदय उजवीकडं आणि आतलं सगळं आरशातल्यासारखं उलटं, ह्याचं इंग्रजी नाव मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, कधी ना कधी बघायला मिळेल म्हणून. ते माझ्यासमोर जिवंत येऊन बसलं, त्याच्या आईनं ते मला माझ्याच भाषेत सांगितलं, आणि मला ऐकू आलं अब्बांचं दुकान.

मी डावीकडं स्टेथोस्कोप लावला. ठोके लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखे. रक्त गेलंय म्हणून असेल, असं समजले. उजवीकडं भोक, धाप, फुगलेल्या शिरा, पडलेलं बीपी, म्हणजे उजव्या फुप्फुसाबाहेर हवा कोंडली असणार. पुस्तकात हेच लिहिलं आहे. मी उजव्या बाजूला वरून सुई घातली. हवा आली नाही. दुसरी घातली. नाही. तो आता बोलत नव्हता, नुसता माझ्या हाताकडं बघत होता. मग नळी घालायची ठरवली. सिस्टरनं सामान काढायला वेळ लावला म्हणून मी तिच्यावर खेकसले. बरगड्यांमध्ये चिरा घेतला, चिमट्यानं स्नायू फाकवले, वाट केली. तो गुरासारखा हंबरला. दोघा वॉर्डबॉयांनी त्याचे पाय दाबून धरले. ह्या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली असतील. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते असं.

नळी घालण्याआधी बोट घालून बघायचं असतं. मी घातलं.

माझ्या बोटाच्या टोकाला कुणीतरी आतून ढुशी दिली. मग अजून एक. फुप्फुस असं करत नाही. ते तिथं नसायला हवं होतं, आणि ते तिथं होतं, मला लागून, दमून धडपडत. त्या क्षणी बाहेरच्या बाईचं वाक्य माझ्या डोक्यात दुसऱ्यांदा बोललं गेलं आणि ह्या वेळी मला कळलं.

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. हृदयाला भोक पडलं की रक्त त्या पिशवीत साचतं आणि हृदयाला पसरायला जागा उरत नाही. ते आवळून मरतं. ती पिशवी लगेच सुईनं रिकामी करायची असते. सुई छातीच्या हाडाखालून डाव्या खांद्याच्या रोखानं घालतात. मी उजव्या खांद्याच्या रोखानं घातली. काळंभोर रक्त सिरिंजमध्ये आलं. एक सिरिंज, दुसरी. त्याची नाडी हाताला लागली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आई कुठंय?"

"बाहेर हाय," मी म्हणाले. "बोलवते."

बोलवायला वेळ मिळाला नाही. तिसऱ्या सिरिंजला रक्ताच्या गुठळीनं सुई बुजली आणि नाडी गेली. मी टेबलावर चढले आणि छाती दाबायला लागले, उजवीकडं सरकून. बरगड्या मोडल्या. एक मोडली, मग लागोपाठ दोन. तो आवाज मला पाठ आहे, लहानपणापासून पाठ आहे. माझ्या घामाचे थेंब त्याच्या उघड्या डोळ्यांत पडत होते आणि तो पापणी हलवत नव्हता. किती वेळ दाबत होते माहीत नाही. सिस्टरनं माझ्या कमरेला धरून खाली ओढलं. खाली उतरल्यावर मी तिच्या हातावर फटका मारला. नंतर माफी मागितली.

बाहेर जाऊन मी त्याच्या आईला सांगितलं की तो गेला. तिनं फक्त विचारलं, "वरडला का व्हता एवढा?" मी म्हणाले, उपचार चालू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमार्टम. उपचार करणाऱ्यानं ते करायचं नसतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं केलं आणि मी बाजूला उभी राहिले. त्यानं मधोमध चिरा घेतला, बरगड्या बाजूला केल्या आणि शीळ घातली. हृदय उजवीकडं, त्यात स्क्रू ड्रायव्हरचं भोक. लिव्हर डावीकडं. तिल्ली उजवीकडं. सगळं धडधाकट आणि सगळं उलटं. "अगं, हे बघ," तो म्हणाला. "वही कुठंय तुझी? जन्मात एकदा मिळतं असलं." मी हातातला ट्रे भिंतीवर फेकला. कात्र्या, चिमटे सगळं फरशीवर गेलं. त्याला काही माहीत नव्हतं. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हृदयाला भोक होतं. तू काहीही केलं असतंस तरी पुण्यापर्यंत पोचला नसता." खरं असेल. पण दोन सिरिंज काढल्यावर तो बोलला होता. त्या पंधरा मिनिटांत तो किती पोचला असता हे मला कोण सांगणार?

व्हरांड्यात हवालदार कागद लिहीत होता. चुलतभाऊ सापडला होता आणि त्याचं म्हणणं होतं, मी मुद्दाम उजवीकडं मारलं, जीव घ्यायचा नव्हता. मेलेल्या गड्याची आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "खोटं बोलतोय. दोघं एका वाकळंवर निजायची. त्योच माझ्या पोराच्या छातीला कान लावायचा आन् समद्या पोरांस्नी दाखवायचा, काळीज हिकडं वाजतंय बघा. त्याला समदं ठावं व्हतं." हवालदारानं लिहून घेतलं. मी दारात उभी होते. मारणाऱ्याला तो शब्द कळला होता. वाचवणारीला कळला नव्हता.

त्या रात्री मी निमोण्याला फोन केला. अब्बा आता दुकानात बसत नाहीत, हात थरथरतो. मी सगळं सांगितलं. अब्बा म्हणाले, "हात घातला न्हाईस आधी?" मी म्हणाले, घातला, पण उशिरा. ते म्हणाले, "हं." आणि फोन अम्मीकडं दिला.

वहीत मी ते लिहिलं नाही. पुण्याहून दोनदा विचारणा झाली, कारण दुसऱ्या डॉक्टरनं तिथं कुणाला तरी सांगितलं होतं. असल्या केसवर लगेच छापून येतं. मी म्हणाले, माझ्याकडं नोंद नाही.

महिन्याभरानं त्या गड्याची आई कागदपत्राची नक्कल न्यायला आली. बरोबर सतरा-अठरा वर्षांची तिची मुलगी होती. मी दोघींना माझ्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. मी ठरवलंच होतं. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं होतं. मला कळलं नाही. आमच्यात काळीज म्हणजे लिव्हर. मला वाटलं तुम्ही लिव्हरचं बोलताय. मी भलतंच करत बसले. तुमचं ऐकलं असतं तर कदाचित तो वाचला असता."

मला वाटलं ती पायातली चप्पल काढील. तिनं ती काढावी असंच मला वाटत होतं. मी गाल पुढं करून बसले होते म्हणा ना. तक्रार करा, मी स्वतः लिहून देते, हे वाक्यही तयार ठेवलं होतं.

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी माझं सांगायचं चुकलं?"

"नाही. माझं ऐकायचं चुकलं."

"न्हाई, तसं न्हाई." तिनं मान हलवली. "ह्यो दोन वर्साचा व्हता तवा पुण्याच्या डाक्टरनी मला बजावलं. म्हणलं, कुठंबी जावा, कोणताबी डाक्टर आसू द्या, आधी हे सांगायचं. मी समद्यांना सांगितलं. दाताच्या डाक्टरला सांगितलं. चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला सांगितलं, त्यो हासला. शाळेत सांगितलं. इतकी वर्सं सांगितलं." ती थांबली. "मंग कोणता शब्द म्हणायला पायजे व्हता?"

मी पेनचं टोपण काढलं.

"सांगा की," ती म्हणाली. तिनं मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हिचंबी तसंच हाय."

मुलगी खाली बघत होती. मी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर इंग्रजी नाव लिहायला घेतलं. ती म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. आन् हिला फीट-बीट आली, बोलता आलं न्हाई, तवा मीच आसणार की तिथं." मी म्हणाले, हार्ट म्हणा. ती म्हणाली, "हाट." पुन्हा म्हणाली, "हाट उजवीकडं हाय." आणि माझ्याकडं बघितलं, बरोबर आहे का म्हणून. मला डोळ्यासमोर पुढचा डॉक्टर दिसला. माझ्यासारखाच, घाईतला, हुशार, नाकावर राग असलेला. मी कागद फाडला.

"मावशी, शब्द सांगूच नका," मी म्हणाले. "डॉक्टरचा हात धरा. असा मनगटाला धरा आणि हिच्या छातीवर ठेवा, उजव्या बाजूला. त्याला कळेल."

"आन् त्यो वरडला तर?"

"वरडू द्या."

"ढकललं तर?"

"ढकललं तरी सोडायचा नाही."

ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली आणि तिनं माझं मनगट धरलं. खुरपणीचे हात, नखं माझ्या कातडीत रुतली. मी हात थोडा मागं घेतला, सवयीनं. तिनं तो जोरात ओढला आणि मुलीच्या छातीवर उजव्या अंगाला दाबून धरला. मुलगी दचकली. माझ्या तळव्याखाली ठोके पडायला लागले, जलद आणि स्वच्छ, घाबरलेल्या पोरीचे.

"असं?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

बाहेर ओपीडीची रांग होती आणि सिस्टर दार वाजवत होती. त्या बाईनं माझा हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.